या वेळी कोणाला पाठवताय?

माझ्या धाकट्या जावेला आमच्या घरात सगळे एक्स्चेंज म्हणतात. नाव सासऱ्यांनी ठेवलं. त्यांच्या तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बायका बसायच्या, इकडची तार काढून तिकडे खुपसायच्या आणि दोन अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागायची. "हीसुद्धा तेच करते, फक्त हिला बसायला खुर्ची लागत नाही," असं ते म्हणायचे. ते गेले, नाव राहिलं. ती त्यावर चिडत नाही. चिडायला वेळ लागतो आणि या बाईकडे कशालाच वेळ नसतो.

एका जागी बसेल तर शपथ! फोन कानाला लागला की पाय सुरू. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, आणि मध्ये माझं शिलाई मशीन. मी पडदे शिवते. लांबच लांब कापड जमिनीवर पसरलेलं असतं आणि ही त्यावरून उड्या मारत कोणाला तरी सांगत असते, "नाही हो, उद्याच भेटा त्यांना, मी बोलून ठेवलंय." एकदा पांढऱ्याशुभ्र पडद्यावर तिच्या पावलाचा ठसा उमटला. मी तोंड सोडलं. तर फोनवर हात ठेवून मला म्हणते, "ताई, जरा थांबा ना, इथे एकाचं आयुष्य मार्गी लागतंय." म्हटलं, आणि माझ्या पडद्याचं काय? गिऱ्हाइकाला काय सांगू, तुमच्या दिवाणखान्यात आमची जाऊ चालून गेली म्हणून?

तिचं काम सॉफ्टवेअरचं. म्हणजे बनवायचं नाही, तपासायचं. कोणीतरी मोबाइलचं अ‍ॅप बनवतं आणि लोकांच्या हातात जाण्याआधी ही मंडळी ते वाटेल तसं वापरून बघतात, कुठे मोडतंय ते शोधतात. या कामाला तिच्या आजूबाजूला सगळे इंजिनिअर. ही बारावी. मी पदवीधर आहे आणि मी पडदे शिवते. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्याकडे हा विनोद कधीच शिळा झालाय.

ती शिरली कशी, तर पुढच्या दारानंच. लेक शाळेत जायला लागल्यावर तिनं एका सॉफ्टवेअर कंपनीत स्वागतकक्षात नोकरी धरली. आलेल्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं, गळ्यात अडकवायचं कार्ड द्यायचं, आत फोन करायचा, झालं. पण ही नुसतं नाव लिहून घेईल होय? कुठून आलात, काय काम करता, गाडी मिळाली का वेळेवर, आईचा गुडघा कसा आहे? पुढच्या खेपेला तो माणूस आला की गुडघ्यापासूनच सुरुवात. आतले लोक बाहेर येईपर्यंत पाहुण्यांची एकमेकांशी ओळख करून दिलेली असायची.

तिथे तपासणी विभागाची मुख्य होती एक चष्मेवाली. तिनं एक दिवस सहज हिच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "यावरून एखादी वस्तू मागवून दाखव, साध्या माणसाला जमतं का बघायचंय." हिनं बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. हिला कुठला धीर! हिनं परत दाबलं, परत दाबलं, मागे गेली, पुढे आली, परत दाबलं. एकाच वस्तूच्या ढीगभर मागण्या नोंदल्या गेल्या. आतल्या शहाण्या माणसांनी बटण एकदाच दाबून समाधानानं वाट बघितली होती. चष्मेवाली हसत सुटली. कंपनी बदलताना ती हिला सोबत घेऊन गेली आणि नव्या साहेबांना म्हणाली, "हिला घ्या, हिला अजिबात धीर नाही." अशी शिफारस मी तरी जन्मात ऐकली नव्हती.

चष्मेवालीच्या शब्दावर कोणी कागद मागितले नाहीत. पुढच्या ठिकाणी आधीच्या ठिकाणचा अनुभव पुरला. त्याच्या पुढच्या ठिकाणी तर लोकच हिला न्यायला आले. काम ती शिकली, मन लावून शिकली, ते कोणी नाकारणार नाही. पण वर चढली ती माणसांच्या खांद्यांवरून, आणि हेही खरं की चढताना तिनं कोणाच्या खांद्यावर पाय रोवला नाही. या लोकांचे संध्याकाळी मेळावे भरतात. कोणीतरी पडद्यावर काहीतरी दाखवतं, बाकीचे कागदी कपातला चहा घेऊन कोपऱ्यात एकटे उभे राहतात. आपली एक्स्चेंज दाराशी. "हे पैसे पाठवायच्या अ‍ॅपवाले, या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरवाल्या. तुम्हा दोघांचं दुखणं एकच आहे, बोला." आणि ते खरंच बोलायला लागायचे. त्यातून कोणाला नोकरी, कोणाला भागीदार, एका जोडीचं तर लग्न लागलं.

हळूहळू तिचं नावच झालं. कोणाला माणूस हवा असला की हिला फोन, कोणाला नोकरी हवी असली की हिला फोन. ती वाटेल त्याला पुढे करत नसे. आधी त्या माणसाला समोर बसवायची, हातात फोन द्यायची आणि म्हणायची, "मोडून दाखव." मोडता आलं तरच तिचा शब्द. त्यामुळे तिच्या शब्दाला किंमत होती. मी म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस झालं! ती हसायची. त्या काळात मला तिचा हेवा वाटायचा, उगाच खोटं कशाला बोलू? माझी पदवी कपाटात आणि हिचा फोन दिवसभर वाजतोय.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र तिच्या कामाच्या जगात कोणालाच माहीत नव्हती. तिचं शिक्षण. चष्मेवालीला ठाऊक होतं, पण ती नोकरीला रामराम ठोकून दूर मुलाकडे राहायला गेली होती आणि आता तिच्याकडून नातवाचे फोटो तेवढे यायचे. बाकी सगळे धरून चाललेले की मॅडम इंजिनिअर. तिनं तसं कधी सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. मध्ये एकदा घरून पदवी करायची म्हणून पुस्तकं आणली होती. परीक्षेच्या सकाळी कोणाची तरी मुलाखत अडली, ही ती सोडवत बसली. त्या पुस्तकांवर पुढे माझी इस्त्री ठेवली जायची.

आणि मग तिची कंपनी विकली गेली.

हे मला तिनं सांगितलं नाही, मी पकडलं. एक दिवस जाहीर केलं, "ताई, आता मी घरूनच काम करणार." बरं, म्हटलं, कर. माझ्याच खोलीत टेबल लावलं. सकाळी केस विंचरून, बाहेर जायचे कपडे घालून लॅपटॉपपुढे बसायला लागली. पण पाय टेबलाखाली इतका हलायचा की माझ्या मशीनवरची दोऱ्याची रिळं थरथरायची. फोन कमी झाले होते. आणि एक दिवस दुपारी माझं लक्ष लॅपटॉपच्या झाकणाकडे गेलं. त्यावर मांजरीचं स्टिकर. हे लोक नोकरी सोडली की कंपनीचा लॅपटॉप परत करतात, एवढं मलाही माहीत आहे. हा तिच्या लेकीचा शाळेचा होता.

"अगं," मी म्हटलं, "तुझ्या कंपनीनं मांजर कधीपासून पाळलं?"

तिनं झाकण पटकन मिटलं. मग रडायला लागली. एक्स्चेंज आणि रडणं! मला काय करावं तेच सुचेना. मशीन बंद करून तिच्यापाशी गेले. नव्या मालकांनी तपासणीचा अख्खा विभागच बंद केला होता. पूर्ण महिना उलटून गेला होता आणि तिनं नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता.

आता हे का सांगते, तर तिचा नवरा, माझा दीर, लिफ्ट दुरुस्त करतो. उभ्या इमारतींच्या आत, त्या अंधाऱ्या बोळकांडीत लोंबकळून काम. त्याची पाठ गेलीय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता चढणं-उतरणं बंद, नाहीतर पुढे चालणंही अवघड होईल. त्यानं महिनाअखेर काम सोडायचं ठरवलं होतं, कशाच्या जोरावर तर बायकोच्या नोकरीच्या. रोज घरी आला की कौतुकानं म्हणायचा, "वहिनी, आता मी पण तुमच्यासारखा घरी बसून हुकूम सोडणार." आणि ही शेजारी बसून हसायची. हिला नोकरी नाही म्हटल्यावर तो काम सोडणार नव्हता आणि त्याची पाठ त्याला सोडणार नव्हती.

"त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "मी मिळवते. माझ्या एवढ्या ओळखी आहेत."

कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अर्ज भरायचा प्रयत्न तिनं आधीच केला होता. तिथे पदवीचा रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तिनं सवयीप्रमाणे बटण दाबदाबून पाहिलं. ते मात्र मोडलं नाही. म्हणजे राहिली माणसं. आणि माणसं तर हिची हक्काची, मग अडलं कुठे?

अडलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. पहिला फोन तिनं लावला एका जुन्या सहकाऱ्याला, आता कुठेतरी मोठ्या पदावर असलेल्या. त्यानं उचलताच आनंदानं ओरडून विचारलं, "बोला मॅडम! या वेळी कोणाला पाठवताय?"

माझी जाऊ खिडकीपाशी थांबली. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "आहे एकजण. हुशार आहे. नंबर पाठवते."

फोन ठेवून तिनं खरंच एका मुलाचा नंबर पाठवला. मी हातातली कात्री खाली ठेवली. "काय केलंस तू हे?"

"तो तसं म्हणाला ना एकदम. मग मला..."

"मग तुला काय? जीभ नाही तुला? साऱ्या जगासाठी टिवटिव करते ती कुठे गेली?"

पुढच्या फोनला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. प्रत्येकजण फोन उचलायचा तो हसतच. या वेळी कोण? पाठवा, पाठवा, तुमचा माणूस म्हणजे बघायलाच नको! आणि ही प्रत्येक वेळी कोणाचं तरी नाव सांगून मोकळी. हिची अडचण टळायची, कोणाचं तरी भलं व्हायचं आणि आमच्या घरी मांजरीचं स्टिकर तिथल्या तिथे. दारावरची बेल वाजली की दचकायची. दिराची गाडी खाली थांबली की टेबलापाशी धावत जाऊन बसायची. माझ्या हातून त्या दिवसांत एक पडदा उलटा शिवला गेला, इतकी माझीही बुद्धी ठिकाणावर नव्हती.

"ताकाला जाऊन भांडं लपवतेस," मी म्हटलं. "सरळ सांग ना, मला हवीय म्हणून!"

"ताई, तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळायचं. मी काय, पदवीधर."

ते तिला लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. ती माझ्या समोर येऊन उभी राहिली, कापडावरच, आणि पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलली. "दुसऱ्यासाठी मागितलं ना, की समोरचा चहा घेणार का विचारतो. स्वतःसाठी मागितलं की कागद विचारतो. आज ते सगळे मला मॅडम म्हणतात. उद्या कळेल बारावी, मग? मग म्हणतील, अरे, हिनं पाठवलेली माणसं आपण घेतली? ज्यांना मी लावलंय त्यांच्याकडेही बघतील. आणि मी कोण राहीन?"

नेहमीसारखी मी तिच्यावरच ओरडले की कापडावरून उतर.

त्याच आठवड्यात आमच्याकडे बँकवाली आली. बँकेच्या काउंटरवर होती, मुलांसाठी नोकरी सोडली, मग इकडूनतिकडून शिकून तपासणीच्या कामात शिरायची धडपड करत होती. अनुभव शून्य. कुठल्यातरी मेळाव्यात एक्स्चेंजनं तिला धरलं होतं. आली ती घाबरत, पर्स मांडीवर घट्ट धरून. एक्स्चेंजनं तिच्या हातात फोन दिला. "मोडून दाखव."

बँकवालीनं नावाच्या जागी नाव टाकलं, जन्मतारखेच्या जागी उद्याची तारीख टाकली. अ‍ॅपनं ती मुकाट्यानं घेतली. "अजून जन्मले नाही तरी खातं उघडलं माझं," ती म्हणाली आणि स्वतःच दचकून हसली. माझी जाऊ इतकी खूश झाली की विचारू नका. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर तेज दिसलं. तिथल्या तिथे दाढीला फोन लावला.

दाढी म्हणजे एका बऱ्या कंपनीतला तपासणी विभागाचा प्रमुख. एकेकाळी मुलाखतीत तोंडच उघडायचा नाही म्हणून कोणी घेत नव्हतं. हिनंच त्याला पहिलं दार उघडून दिलं होतं. "ऐका," ती फेऱ्या मारत त्याला सांगत होती, "अनुभव नाही, पण डोकं आहे. मी सांगते ना. ही बाई तुमच्याकडे असायलाच हवी." अशी भांडत होती जणू सख्ख्या बहिणीसाठी. बँकवालीनं जाताना माझ्या जावेचे दोन्ही हात धरले. मी शिवत राहिले. बोलले असते तर वाईटच बोलले असते.

मग दिरानं कामावर नोटीस दिली. जेवताना सांगितलं. म्हणाला, साहेब नको म्हणत होते, पण मी म्हटलं घरी बायको खंबीर आहे. जावेनं पाण्याचा पेला उचलला तो तोंडाला न लावता तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातले पुरुष बाहेर पडल्याबरोबर मी खोलीचं दार लावलं. "आज दाढीला फोन कर. स्वतःसाठी. नाहीतर संध्याकाळी तो पायरी चढायच्या आत मी त्याला सगळं सांगते. तो परत जाऊन नोटीस मागे घेईल आणि परत त्या बोळात लोंबकळेल. बघ तुला चालतंय का."

"ताई, हे बरोबर नाही."

"नसू दे. आणि स्पीकरवर ठेव. तुझा मला भरवसा नाही."

तिनं फोन टेबलावर ठेवला, नंबर लावला आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. बहुतेक पाय पळून जाऊ नयेत म्हणून.

"मॅडम!" दाढीचा आवाज. "मीच करणार होतो तुम्हाला. बोला, कोणाला..."

"माझ्यासाठी आहे," ती म्हणाली. एका श्वासात, तो पुरं बोलायच्या आत. "माझी नोकरी गेलीय. तुमच्याकडे काही असेल तर मला हवं आहे."

तो हळूच म्हणाला, "चेष्टा करताय ना?"

"नाही."

"मॅडम, अहो... आधी का नाही बोललात? माझ्याकडे एकाच माणसाची मंजुरी होती. अनुभवीच घेणार होतो. तुमच्यासारखंच कोणी शोधत होतो, देवाशपथ. पण तुम्ही त्या बँकवाल्या बाईंबद्दल इतकं सांगितलंत, म्हटलं ठीक आहे, आपण घडवू तिला. कालच तिला कळवलं."

मी कपाळावर हात मारला. आवाज झाला असणार, कारण तो क्षणभर थांबला. मग आवाज खाली करून म्हणाला, "पत्र अजून गेलेलं नाही. नुसतं तोंडी सांगितलंय. तुम्ही म्हणत असाल तर थांबवतो. काहीतरी कारण सांगू. असं होतं आमच्याकडे, कोणी वाईट वाटून घेत नाही."

मी जावेकडे पाहिलं. मी मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण, हो म्हण बाई. त्या बँकवालीचं मी काय देणं लागते? तिला मिळेल दुसरी. मला माझा दीर दिसत होता, त्याची वाकलेली पाठ दिसत होती, आणि मला त्या वेळी दुसरं काहीही दिसत नव्हतं. अजूनही त्याबद्दल मला लाज वाटत नाही.

"नको," ती म्हणाली. "तिला मी शब्द दिलाय. पत्र पाठवा तुम्ही."

"मॅडम, विचार करा."

"केला. पाठवा."

तिनं फोन बंद केला. मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मूर्ख म्हटलं, दीडशहाणी म्हटलं, नवऱ्याच्या जिवावर पुण्य कमावतेस म्हटलं. बोलता बोलता मलाच रडू फुटलं आणि मी कापडाच्या ढिगावर बसकण मारली. तीसुद्धा माझ्या शेजारी येऊन बसली. जमिनीवर, मांडी घालून, गप्प. इतक्या वर्षांत या बाईला मी अशी बसलेली पाहिली नव्हती आणि मला तेच सहन होईना. म्हटलं, ऊठ, चाल इकडून तिकडे, काहीतरी कर! ती उठली नाही.

"दिलं असतं तर," मग ती म्हणाली, "दिलं असतं तरी घेताना त्यानं कागद मागितलाच असता. निदान माझ्या बारावीचं त्याला अजून माहीत नाही."

"हो का? म्हणजे हे पण भांडं लपवणंच झालं."

तेवढ्यात फोन वाजला. बँकवाली. मी म्हटलं, उचलू नकोस, आता नको. तिनं उचलला. स्पीकर तसाच चालू राहिला होता.

"मॅडम, झालं! मघाशी लावला तर तुमचा फोन गुंतलेला! कसे उपकार फेडू तुमचे..." ती रडत होती की हसत होती कोण जाणे. एक्स्चेंजनं तिचं अभिनंदन केलं, आणि आवाजात कुठे काही कळू दिलं नाही. मनापासून केलं, तेच मला जास्त झोंबलं. बँकवालीचं सुरूच होतं. नवऱ्याला सांगितलं, आईला सांगितलं. आता फक्त एक अवघड काम राहिलं होतं. एका लहान कंपनीत तिची बोलणी जवळजवळ ठरत आली होती, त्यांना आता नाही कळवायचं. "वाईट वाटतंय मॅडम. चांगली माणसं आहेत. त्यांचं काम अडलंय आणि मी ऐनवेळी..."

"कसलं काम?" एक्स्चेंजनं विचारलं.

"हेच आपलं, तपासणीचं. खरंतर त्यांना अनुभवी कोणीतरी हवं होतं, नवीन माणसं हाताशी धरून शिकवणारं. मिळेना, म्हणून माझ्यावर आले होते."

माझ्या जावेच्या गुडघ्याची हालचाल पुन्हा सुरू झालेली मला दिसली.

"त्यांना नाही म्हणशील ना," ती म्हणाली, "तेव्हा एक नाव सांगशील?"

"सांगते की! तुमचा माणूस म्हणजे ते डोळे मिटून घेतील. कोणाचं नाव सांगू?"

"माझं."

बँकवाली हसली. मग हसायची थांबली. कालपर्यंत पर्स धरून जिच्यासमोर बसली होती, तिची शिफारस आता हिनं करायची. "मॅडम, मी? माझं कोण ऐकणार? तुमच्या एवढ्या ओळखी आहेत."

"त्यांची माझी ओळख नाही. तुझी आहे. तू त्यांच्याशी खरं वागलीस तर ऐकतील. सांग, सध्या हिला काम नाही, आणि लवकर हवं आहे."

"हो. हो मॅडम, सांगते." कागद शोधल्याचा आवाज आला. मनावर घेतलं होतं तिनं. "थांबा, लिहून घेते. त्यांनी मलाही आधी हेच विचारलं होतं, म्हणून विचारते, रागावू नका. शिक्षण विचारतील. इंजिनिअरिंग कुठून केलंत तुम्ही?"

एक्स्चेंजनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली नाही, पण मानही हलवली नाही. आता हे तिचं तिला बोलायचं होतं.

"बारावी," ती म्हणाली.

पलीकडे कागदाचा आवाज थांबला.

"ऐकू आलं का?"

"हो मॅडम. म्हणजे... बारावीनंतर?"

"बारावीनंतर काही नाही," माझी जाऊ म्हणाली, आणि आवाज कापला तसा तिनं तो मुद्दाम चढवला. "लिही. बारावी. आणि आधी तेच सांग त्यांना, बाकीचं मग."